रय्यानमधलं खारं पाणी आणि सुगराचे केस

सुगरा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कतारला आली, तेव्हा तिची वेणी कमरेखाली पोचत होती. साखरतरला तिच्या माहेरी केसांचा कुणी कधी विचारच केला नव्हता. नारळाचं तेल घरचं, शिकेकाई परड्यातली आणि विहिरीला गोडं पाणी. केस आपले वाढायचे.

तिचा नवरा अब्बास दुखानला तेल कंपनीत फिटर होता. तो आठवडाभर तिकडेच राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या लॉरीतून रय्यानला यायचा. रय्यानच्या घरात थोरले दीर नसरुद्दीन, त्यांची बायको बिलकिस आणि त्यांची मुलं असा संसार होता. नसरुद्दीनचं दोहाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. पंचावन्न साल होतं ते. अंगणात विहीर होती, पण तिचं पाणी खारट. भांडी, कपडे, अंघोळ सगळं त्यावरच. प्यायचं गोडं पाणी टँकरनं यायचं आणि त्या पिंपावर बिलकिसची नजर असायची.

पहिला उन्हाळा सरेपर्यंत सुगराचे केस राठ झाले. कंगवा फिरवला की तुकडे पडायचे, उशीवर तुकडे, पाठीवर तुकडे. तिला वाटलं, नजर लागली. बिलकिस म्हणाली, घाम फार येतो तुला, रोज धूत जा. मग सुगरा रोज विहिरीच्या पाण्यानं, कपड्याच्या साबणानं केस धुऊ लागली. ते आणखी कोरडे पडले म्हणून ती आणखी तेल थापू लागली, आणि तेलाचा चिकटा काढायला आणखी साबण. ओल्या केसांतूनच बारीक दातांची फणी ओढायची आणि वेणी करकचून बांधायची. वेणी दिवसेंदिवस उंदराच्या शेपटीसारखी होत गेली.

शेजारी उम्म जासिम नावाची वयस्कर कतारी बाई राहायची. तिचा नवरा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जाऊन यायचा, त्यामुळे तिला कामापुरतं हिंदी येत होतं. एका सकाळी सुगरा अंगणात फणीतला गुंता काढत होती, तेव्हा ती भाकरी द्यायला आली. तिनं फणीतले केस हातात घेतले, उजेडात धरले आणि सुगराला जवळ बसवून दाखवलं. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा दाणा असतो. इथे एकाही केसाला तो नव्हता.

"हे गळत नाहीत. तुटतात," उम्म जासिम म्हणाली. "मूळ चांगलं आहे. तोडतेस तू."

सुगराला राग आला. उम्म जासिम गेल्यावर तिनं स्वतः एकेक केस पाहिला. दाणा खरोखरच नव्हता. तेव्हा तिला रडू आलं, पण थोडं बरंही वाटलं. तोडणं थांबवता येण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून शेजारी गेली. उम्म जासिमनं सिद्र नावाच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड पाण्यात कालवून दिली. फेस आला, वासही ओळखीचा आला. तिच्या अंगणातल्या त्या झाडाखाली पडलेली फळं पाहून सुगराला हसू फुटलं. बोराचीच जात होती ती. या बोरीचा पाला केसांना चालतो, हे तिला इथे येऊन कळलं.

साबण सुटला, रोजचं धुणंही सुटलं. पण खाऱ्या पाण्याचं काय करायचं? शेवटी एक तांब्या गोडं पाणी केसांवर घ्यावं असं तिच्या मनात होतं. तिनं बिलकिसला विचारून पाहिलं. पिण्याचं पाणी डोक्यावर ओतणार काय, असं म्हणून बिलकिसनं विषय संपवला. सुगरा भांडली नाही. भात रोज गोड्या पाण्यात व्हायचा, तांदूळही त्याच पाण्यात धुवायचे. केस धुवायच्या दिवशी ते धुवण ती बाजूला ठेवू लागली आणि अगदी शेवटी तेच केसांवरून घेऊ लागली. एरवी ते फेकूनच दिलं जायचं, त्यामुळे पिंपातला एक थेंबही जास्त जात नव्हता.

टोकांचं मात्र करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती दुभंगली होती आणि फाट वर वर सरकत होती. उम्म जासिमनं कात्री पुढे केली, तेव्हा सुगरानं डोळे मिटून घेतले. केस खांद्याच्या थोडे खाली आले. बिलकिसनं कपाळाला हात लावला. गुरुवारी अब्बास आला, जेवला आणि मग बायकोच्या ओढणीकडे बघून त्यानं विचारलं, आजारी होतीस का? ती नाही म्हणाली. पुढच्या आठवड्यात येताना त्यानं मोठ्या दातांची लाकडी फणी आणली. दुखानच्या सुताराकडून ती करून घेतली होती.

त्या फणीनं ती टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर जायची, तीही केस वाळल्यावर. वेणी सैल, तेल धुण्याच्या आदल्या रात्री आणि बेताचं. झोपताना डोक्याला मऊ मलमल. वर्षभर काही फरक दिसला नाही. मग एकदा वेणी घालताना तिला हाताला जाडी लागली.

त्रेसष्ट साली बिलकिसची सून रबिया मुंबईहून आली. केस उलटे विंचरून फुगवायचे आणि पिनांनी पफ बांधायचा, ही तिची रोजची हौस. सहा महिन्यांत कपाळावरचे केस तुटून आखूड झाले. आता बिलकिसच तिला सुगराकडे घेऊन आली. सुगरानं पफ सोडायला सांगितलं. रबियाला ते पटलं नाही. काहीतरी लावायला द्या, म्हणून ती हटून बसली.

"तुटलेला केस जोडणारं काही माझ्याकडे नाही," सुगरा म्हणाली. "नवा येईल तो तोडू नकोस, एवढंच सांगू शकते."

रबिया रुसून निघून गेली. पुढे तिला मुलगी झाली आणि दोनतीन महिन्यांत केसांचे पुंजके हातात येऊ लागले. घाबरून ती पहाटेच सुगराच्या दारात उभी राहिली. सुगरानं केस उजेडात धरले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा दाणा होता. रबियाच्या नखांचा रंगही उडाला होता. सुगरानं बोरीची पूड बाहेर काढलीच नाही. हे माझं काम नव्हे, डॉक्टरला दाखवू, असं सांगून ती स्वतः तिच्याबरोबर दोहाच्या दवाखान्यात गेली. अंगात रक्त कमी निघालं. गोळ्या मिळाल्या, आणि बाळंतपणानंतर थोडे केस जातातच, ते परत येतात, असं डॉक्टरांनी समजावलं.

तेव्हापासून रबिया सुगराचं ऐकू लागली. धुवण बाजूला ठेवायला ती विसरायची नाही. पुढचे केस हळूहळू कानामागे जाण्याइतके वाढले. ईदला मात्र ती पफ बांधायचीच. ईदच्या दुसऱ्या दिवशी रबिया तेलाची वाटी घेऊन यायची, सुगरा तिला समोर बसवायची आणि दोघी बोलत बोलत सकाळभर तो गुंता सोडवायच्या.