रावजी सरांनी धरलेली कॉपी

हरसूलकडच्या डोंगरातले रावजी सर बदली होऊन येवल्याला विज्ञान शिकवायला आले, ते संशय बरोबर घेऊनच. बावीस वर्षं कॉप्या धरलेला माणूस हो. कुणाच्या टोपीत, कुणाच्या मोज्यात. एका बहाद्दराने तर भाकरीच्या घडीत चिठ्ठी दडवली होती, सरांनी ती भाकरीसकट जप्त केली.

तर झालं असं. दहावीच्या चाचणीत रासायनिक समीकरणं संतुलित करायची होती. पाण्याचं समीकरण सगळ्यात सोपं: हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक, पाणी दोन. सुहानाने लिहिलं होतं चार, दोन, चार. दोन्हीकडे अणू जुळत होते, म्हणजे चूक म्हणता येईना. पण असं लिहितं कोण? पुढचा पेपर अलिशाचा. चार, दोन, चार. सायलीचाही तोच. पाचही समीकरणं तिघींची दुप्पट. सरांचा लाल पेन जागीच थांबला.

"सरळ उत्तर सगळ्यांचं सारखं येईल," ते मोठ्या बाईंना म्हणाले, "सारखा वाकडेपणा नकलेशिवाय येत नाही."

"मग लेखी द्या, शून्य देऊ," बाई म्हणाल्या. "पण सुहानाचा बाप सलाउद्दीन पैठणी विणतो. कॉपीचं त्याच्या कानावर गेलं, तर शाळा बंद करून पोरीला घरी बसवेल. खात्री करा आणि मगच सही करा."

सरांनी तक्रार लिहिली, सही तेवढी बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिघींना तीन कोपऱ्यांत बसवलं. कंपासपेट्या पाहिल्या, तळहात पाहिले, प्रत्येकीला वेगळं समीकरण दिलं. सुहानाला लोखंड आणि वाफेचं आलं. उत्तर तीन, चार, एक, चार. तिने लिहिलं सहा, आठ, दोन, आठ. बाकी दोघींचंही दुप्पटच.

आता नक्कल करायला समोर काही नव्हतं. सरांचा संशय उलट वाढला.

"हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर."

"दुप्पट मी शिकवलं?"

"नाय, ते घरचं." सुहाना खाली बघत म्हणाली. "आम्ही तिघी आमच्या घरी मागासाठी रेशीम गुंडाळून कांड्या भरतो. अब्बू म्हणतात, पैठणीच्या एका काठाला किती लागतील ते मोज, तेवढ्याच दुसऱ्या काठाला भर. ह्या दोघींना समीकरण जमंना, मग मधल्या सुट्टीत मी तसंच सांगितलं."

"समीकरणाला काठ कुठला आला?"

"दोन बाजू हायेत की, सर. डावी अन् उजवी. म्हणून सगळं दोनदा भरलं."

मागाचा खटखट आवाज सर रोज रस्त्यावरून ऐकत, आत कधी डोकावले नव्हते. आणि जे अलिशा-सायलीच्या डोक्यात महिनाभर शिरलं नव्हतं, ते या पोरीने एका सुट्टीत शिरवलं होतं. तरी सवय जाते का? त्यांनी फळ्यावर आणखी एक अवघड समीकरण टाकलं आणि खडू तिच्या हातात दिला. तिने ते सोडवलं. दुप्पट.

"दोन्ही बाजू आधीच एकमेकींना पुरतात," सर म्हणाले. "सगळ्यांना दोनाने भाग."

तिने भागलं, आणि मान डोलावली.

सरांनी खिशातली तक्रार काढून चार तुकडे केले. "दर समीकरणाला अर्धा मार्क कापणार. शून्य नाही."

अलिशा आणि सायली पळाल्या. सुहाना मात्र टेबलाशीच उभी राहिली. सर खरंच अर्धाच कापतात का, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.