कोल्हारच्या झडपेपाशी सुलभाताई

सुलभाताई गागरे यांना मी प्रथम भेटले ती नागापूरच्या एमआयडीसीत, नोकरीच्या मुलाखतीला. कारखान्यांची यंत्रं चालवणारे प्रोग्राम त्यांच्या छोट्या कंपनीत लिहिले जातात. "तुम्हाला कामात कशाची भीती वाटते?" त्यांनी विचारलं. "कशाचीच नाही," मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत. नोकरी मात्र दिली.

वर्षभरानं कोल्हारजवळच्या एका दूध केंद्रासाठी मी प्रोग्राम लिहिला. टाक्या धुताना सोड्याचं कढत पाणी सोडणाऱ्या झडपा त्यावर चालायच्या. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम संपलेल्या वस्तूंनी, म्हणजे ऑब्जेक्टनी, अडवलेली मेमरी गार्बेज कलेक्टर नावाचा सफाई करणारा भाग आपोआप मोकळी करतो. वस्तू जाण्याआधी तिच्याकडून एखादं शेवटचं काम करून घेता येतं, तो फायनलायझर. झडप बंद करण्याची आज्ञा मी त्यातच ठेवली. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला मेमरी कमी. मेमरीची सफाई सारखी व्हायची, झडप लगेच बंद. केंद्रावरचा कॉम्प्युटर नवा, भरपूर मेमरीचा. तिथं सफाईची वेळच येईना.

चाचणीच्या दिवशी ताईही सोबत आल्या होत्या. पहिली टाकी धुऊन झाली. स्क्रीनवर 'काम पूर्ण' आलं. भाऊसाहेब नावाचे कामगार ब्रश घेऊन टाकीत उतरले. सगळ्या टाक्यांना पंप एकच होता. मी दुसऱ्या टाकीसाठी तो सुरू करणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"मॅडम, वरून गरम थेंब पडत्यात. झडप बंद हाय ना?"

"हो," मी म्हणाले.

ताईंनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "तू पाहिलीस, की तुला वाटतं?"

मी स्क्रीनवरच्या 'काम पूर्ण'कडे बोट दाखवलं.

"भाऊसाहेब, आधी वर या," त्या म्हणाल्या.

झडप सताड उघडी होती. भाऊसाहेबांच्या मानेवर दोन लाल चट्टे उठले होते.

"प्रोग्राम मी तपासला होता, चूक माझी," ताईंनी केंद्राच्या व्यवस्थापकांना सांगितलं. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "गार्बेज कलेक्टर मेमरीपुरता येतो. कधी येईल, येईल की नाही, ते आपल्या हातात नाही. त्याच्या भरवशावर माणूस टाकीत उतरवायचा नाही."

नंतर आठवडाभर त्या माझ्याशेजारी बसल्या. मध्ये काहीही बिघडलं तरी झडप बंद करणारी ओळ चाललीच पाहिजे, आणि झडप बंद झाल्याचं सेन्सरनं कळवल्याशिवाय पंप सुरूच होता कामा नये, असा प्रोग्राम आम्ही पुन्हा लिहिला. फायनलायझर उरला तो कुणी बंद करायचं विसरलं तर तशी नोंद करण्यापुरता.

मग ताई बेलापूरला भाऊसाहेबांच्या घरी गेल्या, मलाही नेलं. माफी माग, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच मागितली. "व्हतं असं," भाऊसाहेब म्हणाले. "पर बाईंनी इचारलं म्हनून वाचलो."

आता ताईंची साठी पूर्ण होते आहे, आणि त्यानंतर त्या कामाचा भार हलका करणार आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि स्वार्थानं एक मागते: आठवड्यातले दोन दिवस तरी त्यांनी आमचे प्रोग्राम तपासायला यावं. ते कितीतरी ठिकाणी चालू आहेत, आणि तिथं रोज माणसं टाकीत उतरतात.