आईच्या घाबऱ्या जिवाचं नाव

बंगळुरूला लॅबच्या नोकरीसाठी निघाले, त्या सकाळी तिसगावच्या स्टँडवर बाबा आले, चर्चमधली माणसं आली. आई आली नाही. स्टँड घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी ती छातीवर हात धरून उंबऱ्यातच उभी राहिली. "पोचलीस की फोन कर. माजा जीव लई घाबरतोय," एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं.

ती आधीपासून काळजीखोर, असं सगळे म्हणायचे. पण तिने आधी आठवडी बाजार सोडला, मग एसटी, मग रविवारची उपासना. सोनईला सख्खी थोरली बहीण वारली, तेव्हा पांढरं पातळ नेसून तयार झाली आणि दारातच थरथरत खाली बसली. मातीला जाणं झालं नाही. नातेवाईक म्हणाले, सोंगं करते.

बंगळुरूत मेट्रोमध्ये एकदा मलाही तसंच झालं. हातपाय गार, धडधड, आता मरणार असं वाटलं. ईसीजी नॉर्मल आला. पुन्हा होईल या धास्तीने मी मेट्रो सोडली, मग कँटीन, मग मीटिंगा. शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "काळजी सगळ्यांनाच वाटते, कारण सरलं की तीही सरते. पण ती महिनोन्महिने सुटत नाही आणि तिच्यापायी माणसाचं जगणं आखडत जातं, तेव्हा तो चिंतेचा आजार असतो. बरा होणारा."

मला रडू फुटलं. डोळ्यांसमोर आईच होती.

फोनवर तिला सगळं सांगितलं.

"म्हंजी मी सोंगं करीत न्हवते?"

"न्हाई गं आई."

"मंग ताई हुती तवा का न्हाई कुनी सांगितलं?"

सुट्टी काढून तिला नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. पहिल्या खेपेला ती रिक्षातून उतरून परत घरात गेली. दुसऱ्यांदा माझा हात घट्ट धरून बसली. औषधं सुरू झाली, माझीही चालू होतीच. पुढच्या नाताळात आम्ही सोनईला गेलो. मावशीच्या थडग्याशी ती म्हणाली, "ताई, मला येता येत न्हवतं गं."

हल्ली ती चर्चला जाते, शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसते. घर कुठलं, असं इथे बंगळुरूत कुणी विचारलं की मी तिसगावच सांगते. सांगताना मात्र आईची त्या चार भिंतींत गेलेली वर्षं आठवतात, आणि ती काही कुठल्या गोळीने परत येत नाहीत.