पंखा काढून टाकल्यावर

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी तेव्हा मराठी डीटीपीची कामं करायची. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखाद्या मंडळाची स्मरणिका. कॉम्प्युटर जुना, सेकंडहँड घेतलेला. पानात चित्र टाकलं की तो इतका वेळ लावायचा की तेवढ्यात मी कुकर लावून यायची. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून प्रुफं तपासत. आपटा गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

नवा कॉम्प्युटर घेणं शक्यच नव्हतं. मग नवऱ्याने मुंबईहून त्याच मशीनमध्ये बसणारा, कितीतरी जास्त वेगाचा प्रोसेसर आणला. जुन्या प्रोसेसरची चिप वर काही न लावता उघडीच चालायची, म्हणून नवीही आम्ही तशीच बसवली. वीस मिनिटं मशीन सुसाट पळालं आणि मग पडदा जागच्या जागी गोठला. झाकण काढून मी चिपला बोट लावलं. चटका असा बसला की दोन दिवस कीबोर्डवर ते बोट उचलूनच धरावं लागलं.

पुढच्या खेपेला नवऱ्याने चिपवर लावायचा छोटा पंखा आणला. मशीन थंड राहिलं, पण पंखा सतत बारीक, तीक्ष्ण आवाज करत राहायचा. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपली खुर्ची स्वयंपाकघरात नेली.

"सारखी शिट्टी वाजते गं याची," त्या म्हणाल्या. "दोन ओळी वाचल्या की डोकं भणभणतं."

"कामाचं मशीन आहे, आई. आवाज होणारच," मी जरा तोडूनच बोलले.

दिवसभर मी त्या खुर्चीला चिकटलेली, दारात गिऱ्हाइकांची ये-जा. हे त्यांना पटत नसणार, आणि पंख्याचं निमित्त होतंय, असं मी मनात पक्कं धरलं होतं. पण त्यांचा चेहरा खरंच ओढलेला दिसायचा. मी पंख्याला तेलाचा थेंब दिला, मग पंखाच बदलून आणला. तक्रार तीच.

जुन्या पनवेलमध्ये लाउडस्पीकर दुरुस्त करणारे एक काका होते, मूळचे उरणच्या कोळीवाड्यातले. त्यांचं बिलबुक मीच करून दिलं होतं. त्यांना जाऊन सगळं सांगितलं.

"पंखा कशाला पायजे, ताई?" ते म्हणाले. "माजा अँप्लिफायर मांडवात दिस दिस वाजतो, त्याला कुठं पंखा हाय? गरमीला पसराया जागा दिली की झालं."

त्यांनी मोडक्या अँप्लिफायरमधून अॅल्युमिनियमचा उभ्या पात्यांचा एक ठोकळा काढला. मापाने कापला, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचा तळ घासघासून सपाट केला. बसवायला पत्र्याची क्लिप करून दिली आणि चिप आणि ठोकळ्याच्या मध्ये लावायला कागदाच्या पुडीत थोडं पांढरं मलम.

"मधी पातळ लावा. जाड लावशाल तर उपेग नाय."

ठोकळा इतका उंच होता की कॅबिनेटचं झाकण बसेना. ते काढूनच ठेवलं आणि धूळ नको म्हणून वरून मच्छरदाणीचा तुकडा टाकला. मशीन दिवसभर चाललं, एकदाही अडकलं नाही. आवाज जवळजवळ नाहीच.

"आता कसं वाटतंय, आई?"

"बरं वाटतंय," म्हणत त्यांनी खुर्ची परत आणली.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी लाइट गेली. मी कात्री-गोंद घेऊन हातानेच पान लावत बसले होते, त्या प्रूफ वाचत होत्या.

"जरा बंद कर गं ते," त्या म्हणाल्या. "आज फारच वाजतंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली. छताचा पंखा थांबलेला होता, पडदा काळा होता. वाकून त्यांनी मशीनला कान लावला.

"म्हणजे माझ्याच कानात आहे हे," त्या हळूच म्हणाल्या.

मग एकेक निघत गेलं. मागच्या दिवाळीपासून तो आवाज येत होता. आधी त्यांना फ्रिजचा वाटला, मग ट्यूबलाइटचा, मग शेजारच्यांच्या मोटरचा. माझा पंखा काढल्यावरही तो थांबला नव्हता. मी एवढी धावपळ केली, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने होतं, पूर्ण जाणार नाही, पण घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. कानाचं काहीतरी बिनसलंय हे कळायला वर्ष गेलं होतं, आणि त्यातले कितीतरी दिवस मी त्यांच्या शेजारी बसून मनात भलतंच धरून होते. परतताना रिक्षात मी ते सांगून टाकलं.

"मला वाटायचं, तुम्हाला माझं कामच आवडत नाही."

"वेडी आहेस," त्या म्हणाल्या. "आवडत नसतं तर तुझे ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसले असते का?"

ते मशीन त्याच ठोकळ्यावर आणखी दोन वर्षं चाललं. आईंच्या कानातला आवाज कधी वाढायचा, कधी विसरण्याइतका कमी व्हायचा. पण आता त्या तसं सांगत. "आज जास्त आहे," म्हणाल्या की आम्ही काम बाजूला ठेवून कॉलनीच्या बाजारात जायचो. भाजीवाल्यांच्या गलक्यात तो आवाज बुडून जायचा आणि त्यांना बरं वाटायचं. त्या मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत, आणि घरी परतायची मला घाई नसायची.