रिकाम्या वळणावरची घंटी

मंडळी, गाड्यांना बंदी असलेल्या रस्त्यावरही माझ्या जिवाला स्वस्थता नाही!

आज सकाळी लेकीबरोबर कॅलिफोर्नियात, आमच्या क्युपर्टिनोच्या मागच्या डोंगरात ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीवर चालणारी सायकल, चालवायला गेले. खडीचा कच्चा रस्ता, चिटपाखरू नाही. तरी पुण्याच्या सवयीने मी प्रत्येक वळणावर घंटी वाजवत होते.

"आई, स्टॉप इट! देअर इज नोबडी हिअर!" अन्वी वैतागली आणि उतारावरून सुसाट पुढे निघून गेली.

दोन वळणांनंतर ती दिसेनाच. फोनला रेंज नाही, बाजूला दरी. खडीवरून घसरली असेल तर? हाका मारल्या, उत्तर नाही. मग मी वेड्यासारखी घंटीच वाजवत सुटले.

तेवढ्यात खालच्या वळणावरून उत्तर आलं. ट्रिंग ट्रिंग.

पोचले तर बाईसाहेब ओकच्या झाडाच्या सावलीत पाणी पीत बसलेल्या. "हॅपी नाऊ?" म्हणाली. मी म्हटलं, "हो."

साफ खोटं बोलले. पुढच्या महिन्यात ती कॉलेजसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीला चाललीये.

ज्यांची मुलं आधीच लांब गेलीयत, त्यांनी खरं सांगा: मुलांनी फोन उचलला नाही, की तुम्ही काय करता?