चार टीबीचं गोदाम आणि केळसकरबाई

भाव करायला कोणी सुरुवात केली की केळसकरबाई कानातलं श्रवणयंत्र काढत आणि काउंटरवर, माउसच्या शेजारी, ठेवून देत. मग समोरच्याने कितीही घसा फोडला तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हलत नसे. गिऱ्हाईक दमलं की यंत्र पुन्हा कानात जाई आणि त्या विचारत, "हं, झालं? मग पॅक करू?"

मी आयुष्यभर भाव करून जगलो. मिठागरात टोपल्या वाहणाऱ्याचा मुलगा मी, क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो आणि दिघी बंदरात स्वतःच्या चार गाड्या उभ्या केल्या, त्या काही गोड बोलून नाही. टायरवाला, बॉडी बांधणारा, विम्याचा एजंट, सगळे मला येताना बघून आधी पाणी पिऊन घेत. आणि श्रीवर्धनच्या एका आळीत, घराच्या पडवीत दुकान मांडून बसलेल्या साठीच्या या बाईंनी मला कधी पाच रुपये सोडले नाहीत. ही माझी तक्रार आहे. बाई आता नाहीत, तरी तक्रार आहे.

बाई मूळच्या टायपिंगच्या. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवलेली, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणे. टायपिंगची यंत्रं भंगारात गेली तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीत पुण्याला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून घेतली. दुकानात मात्र जुन्या क्लासच्या ताठ पाठीच्या लाकडी खुर्च्याच होत्या आणि कोणी पोक काढून बसलं की "पाठ सरळ!" असा आवाज यायचा. आमच्याकडची खारी हवा कशातही शिरते. बाई एकेक मशीन उघडून रंगाच्या ब्रशने आतला हिरवा गंज झाडत आणि त्या मशीनशीच बोलत, "बघ, समुद्र येऊन बसलाय तुझ्यात. उठवते हं त्याला."

माझ्या ऑफिसचा प्रिंटर त्यांच्याकडूनच घेतला होता, तेव्हा ते श्रवणयंत्राचं प्रकरण पहिल्यांदा पाहिलं. पण खरी गाठ पडली ती माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, "म्हात्रे, ट्रकचं स्टिअरिंग आता विसरा. धक्के झेपणार नाहीत." गाड्यांवर चालक होतेच, पण महिन्यातून चार खेपा मी स्वतः मारत असे. घाटात गाडी उतरवताना माझं डोकं जेवढं शांत असे, तेवढं देवळातही नसे. ते बंद झालं आणि मी घरात बसून फोनवरून चालकांच्या अंगावर ओरडू लागलो. माझा सगळ्यात चांगला चालक, सदाशिव, चावी टेबलावर ठेवून निघून गेला. चालक संपले की मी भाजीवर ओरडे, पंख्यावर ओरडे. शेवटी बायको म्हणाली, "आवं, तुमी कशात तरी जीव रमवा, नायतर मी भावाचे घरा पेणला जातंय. मस्करी नाय करीत."

ती मस्करी करत नव्हती. बॅग खाली काढली होती.

जावयाने मार्ग सुचवला. कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ असतो. खरं स्टिअरिंग जोडता येतं, गिअर असतात, माल भरायचा, मुक्कामाला पोचवायचा. मी आधी त्याला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या दुकानात गेलो.

"कशासाठी हवाय कॉम्प्युटर?" बाईंनी विचारलं.

"गाडी चालवायला," मी म्हटलं आणि त्या हसण्याची वाट बघत राहिलो, म्हणजे भांडता आलं असतं. त्या हसल्या नाहीत. वही ओढून यादी करायला लागल्या. हे असलं कार्ड, एवढी मेमरी, आणि साठवायला एक टीबीची एसएसडी.

त्यांच्या दरपत्रकात खालची ओळ मला दिसली. हार्ड डिस्क, चार टीबी. किंमत एसएसडीपेक्षा थोडी कमीच.

"बाई, एक टनाच्या भाड्यात चार टन जातोय, आणि तुम्ही मला टेम्पो विकताय?"

"म्हात्रे, तुम्ही माल भरणार आहात की गाडी चालवणार आहात?"

"दोन्ही. जागा कधी फुकट जात नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ऐका. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि एक दांडी तिच्यावर इकडून तिकडे धावत माल शोधते. म्हणजे गोदाम मोठं, पण हमाल एक, तोही पंचावन्नचा. एसएसडीत फिरणारं काही नाही. गोदाम लहान, पण खणाखणाशी हमाल उभा."

"मीपण पंचावन्नचाच आहे."

"म्हणूनच सांगतेय. दोघांत एक तरी तरुण हवा."

मला राग आला. बाई पुढे म्हणाल्या, "फोटो ठेवायचे, कागद ठेवायचे, तर खुशाल हार्ड डिस्क घ्या, ती चांगली वस्तू आहे. पण खेळात तुम्ही जसे पुढे जाल तसा पुढचा रस्ता डिस्कवरून उचलून आणावा लागतो. तो वेळेवर आला नाही तर काय कराल?"

"ब्रेक मारीन!" मी म्हटलं आणि आवाज चढवला. तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला रस्ता शिकवता का, असं बरंच काही बोललो. एव्हाना यंत्र माउसच्या शेजारी गेलं होतं. मी घाम पुसला तेव्हा त्यांनी ते कानात घातलं. "झालं? मग एसएसडी. नाहीतर दुसरीकडून घ्या. गाडी चालवायला म्हणून माझ्या हातून ती हार्ड डिस्क लागायची नाही. परत माझ्याच टेबलावर येईल."

मी त्याच दिवशी पनवेल गाठलं. तिथल्या दुकानदाराने मला "शेठ, शेठ" करत चार टीबी लावून दिले, वर सूट, वर एक माउसपॅड फुकट. परत येताना वाटेत दोनदा चहा प्यायलो, इतका खूश होतो.

घरी खेळ सुरू केला. सुरू होईपर्यंत बायकोचा भात झाला. मग ट्रक दिसला, इंजिनाचा तो आवाज आला आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिअर टाकला. पहिला मैल छान गेला. दुसऱ्या मैलाला पुढची झाडं मी जवळ गेल्यावर एकदम उगवायला लागली. तिसऱ्याला मी वळणावर स्टिअरिंग फिरवलं, चित्र थिजलं, आणि पुन्हा हललं तेव्हा माझी गाडी नदीत होती. पुन्हा निघालो, पुन्हा शहरात शिरताना थिजलं, या खेपेला गाडी एका बसवर. ब्रेक मारूनही काही उपयोग नव्हता, कारण ज्याला बघून ब्रेक मारायचा ते आधी दिसायला तर हवं!

बायको दारात उभी राहून बघत होती. "पयल्या गाडीला निदान रस्ता तरी व्हता," ती म्हणाली.

आठ दिवस मी खेळाला, पनवेलला, बाईंना आणि जावयाला आळीपाळीने शिव्या देत काढले. माउसपॅड तेवढा उत्तम होता. नवव्या दिवशी बायकोने बॅगेत साड्या भरायला घेतल्या. मग मी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि गाडीत मागे ठेवला.

बाईंनी चादर बघितली. "काय, आजारी आहे का?"

"बोला, काय बोलायचंय ते बोलून घ्या," मी म्हटलं.

"नदी की दरी?"

"नदी. आणि एक बस."

"बस माझ्या लक्षात नव्हती आली," एवढंच त्या म्हणाल्या आणि पेचकस उचलला. मला वाटलं, हार्ड डिस्क काढून माझ्या हातात देतील. काढली नाही. शेजारी एसएसडी बसवली, विंडोज आणि खेळ तिच्यावर घेतला, आणि म्हणाल्या, "मोठ्या गोदामात गाड्यांचे कागद ठेवा, मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवा. तिला तिचं काम द्या. तिचा काय दोष?"

मग मला त्या लाकडी खुर्चीत बसवून खेळ सुरू केला. मी तंबाखूची पुडी उघडायच्या आत ट्रक उभा. निघालो. वळण आलं, रस्ता आला. दुसरं वळण, रस्ता तिथे आधीच हजर. गाव आलं, पूल आला, झाडं आपापल्या जागी लांबूनच दिसत होती. किती वेळ चालवत होतो मला कळलं नाही. मान वर केली तर पडवीत पाच-सहा माणसं उभी, आणि पाठीमागून बाईंचा आवाज, "पाठ सरळ, म्हात्रे. ऑपरेशन झालंय ना?"

पैसे देताना सवयीने सूट मागितली. यंत्र काउंटरवर गेलं. पण मीही काही कच्चा नव्हतो. कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला. बाईंनी तो वाचला, कीबोर्ड ओढला, मान वर न करता दहा बोटांनी टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता, "नाही." खाली लहान अक्षरांत, "पनवेलला जाऊन या."

बॅग पुन्हा माळ्यावर गेली. मी सकाळी दोन तास माल पोचवायचो आणि मग चालकांना फोन करायचो, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येत नसे. महिन्याभराने सदाशिवला स्वतः जाऊन चावी दिली. घरात चहा आणून ठेवताना बायको विचारू लागली, "कुटवर पोचलाव?"

एकदा बाई आमच्याकडे पंखा साफ करायला आल्या. म्हणजे कॉम्प्युटरचा. काम झालं तरी रेंगाळल्या. "मला कधी कोणी गाडी शिकवली नाही," स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या. "यात माणूस तर मरत नाही ना?"

मी त्यांच्या नावाने वेगळं खातं उघडून दिलं. दर रविवारी त्या येत. ज्यांची टायपिंगची बोटं घोड्यासारखी धावत, त्या बाई ट्रक चाळीसच्या वर नेत नसत. सिग्नलला पुढे-मागे कुत्रं नसलं तरी थांबत. कुठे तळं दिसलं की गाडी बाजूला लावून बघत बसत. मी ओरडे, "बाई, माल पोचवायचाय! पिकनिकला नाही आलोय!" त्या म्हणत, "तळं कुठे जाणार नाही, तसा तुमचा मालही जाणार नाही." बायको त्यांच्या बाजूने हसे. रिव्हर्स तर त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. मुक्कामाला गेटवर पोचल्या की खुर्ची सोडून म्हणत, "आता तुम्ही लावा. तेवढंच तर येतं तुम्हाला."

गेल्या श्रावणात एका रविवारी त्या आल्या नाहीत. सोमवारी सकाळी कळलं. पुण्याहून भाऊ आला, त्याने दुकानातलं सामान काढलं. मला काही हवंय का विचारलं. मी एक लाकडी खुर्ची मागितली, भाव न करता दिली त्याने.

दोन महिने मी खेळाला हात लावला नाही. मग एक दिवस बाईंचं खातं उघडलं. ट्रक एका तळ्याकाठी उभा होता, मागे माल तसाच, पोचवायची मुदत केव्हाच टळलेली. रद्द करायचं बटण समोर होतं. बायकोने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि चहा ठेवला.

मी गाडी काढली. चाळीसच्या वर नेली नाही, सिग्नलला थांबलो. गेटवर पोचलो आणि पहिल्या फटक्यात रिव्हर्स लावली. पडद्यावर बाईंचं नाव आलं, आणि खाली लाल अक्षरांत शेरा. मी तीस वर्षं या धंद्यात काढली. माझ्या हातून माल उशिरा पोचला तो हा एकच.