विटांवरची मोटार

राग काही एका दिवसात तयार होत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळी धरते, तसा थरावर थर चढत जातो. आमच्या बोरी गावच्या वाड्याच्या ओट्यावर मोटारींच्या गप्पा रंगल्या की माझा त्या दिवसाचा थर ठरलेला. माझ्या लेकीची, शकूची छाती आता मोकळी आहे, हे आधीच सांगते. नाहीतर मी हे किस्से लिहायला बसलेच नसते.

मंडळी तिघंच. आमचे हे, यांची अमेरिकन गाडी. यांचे चुलतभाऊ बापूसाहेब, त्यांची विलायती. आणि दिगंबरराव, त्यांच्याकडे एकही मोटार नाही, म्हणून ज्ञान त्यांनाच सगळ्यांत जास्त. "पुढची कोणती घ्यायची?" हा विषय आमची गाडी कोरी करकरीत दारात आली त्याच दिवशी निघाला होता. अजून संपलेला नाही.

*

एकदा यांना इंजिनात बारीक टकटक ऐकू आली. मला काही ऐकू येईना, पण मला कोण विचारतंय! तिघंही बॉनेटला कान लावून श्वास रोखून उभे. आत शकूला खोकल्याची उबळ आलेली. एवढीशी पोर, जरा गारठा पडला, धूर लागला की छातीत शिट्टी वाजते.

यांनी तिथूनच आवाज दिला, "अगं, तिला जरा मागच्या सोप्यात ने. इंजिन ऐकू येईना."

नेलं की मी! मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई मी! शिवाय सोप्यात बसून हेही वाटून गेलं, की पोर खरंच फार मोठ्यानं खोकते का काय?

*

त्याच थंडीत तिच्या छातीला चोळायला कापूर घालून तेल कढवलं. फडकं आणायला गेले तेवढ्यात वाटी गायब. बाहेर येऊन बघते तर हे मोटारीच्या सीटला ते तेल चोळतायत. कातडं तडकायलंय म्हणाले.

सासूबाई जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "चोळू दे बाई. पडसं झालं असंल तिला."

*

पावसाळ्यात अमेरिकन आणि विलायती यांची शर्यत लागली. सडकेवर नाही, शेताच्या पाणंदीत, कारण ताकद म्हणे चिखलातच कळते. आपली काळी माती ती! दोन्ही गाड्या ओढ्याच्या अलीकडेच पोटापर्यंत रुतल्या. तिफण सोडून आमच्या सालगडी मारोतीला बैल आणावे लागले. पेरणी राहिली तशीच.

बैलांनी आधी अमेरिका काढली, मग विलायत काढली. तिघं चिखलात उभे राहून त्यातली हलकी कोणती यावर भांडत होते. मारोतीनं दोर गुंडाळला आणि अगदी अदबीनं विचारलं, "मालक, पुढल्या साली कोन्ती घ्यायलाव? न्हाई म्हंजे, त्या मापाचे बैल बघून ठिवतो."

*

मी त्या मोटारीत पहिल्यांदा बसले ती शकूला जिंतूरच्या डॉक्टरांना दाखवायला. पायरीवर पाय ठेवणार तोच हे म्हणाले, "जोडवी काढ. चरे पडतील."

सवाष्णीनं जोडवी काढायची! सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी काढली. जिंतूर येईपर्यंत मुठीत धरून बसले, मांडीवर पोर.

डॉक्टर म्हणाले, हिला धाप लागली तर घरचे इलाज करत बसू नका, ताबडतोब घेऊन या. लढाईमुळे पेट्रोल तेव्हा परवान्यावर, तेही थेंब थेंब. येताना यांनी मला शब्द दिला: एक डबा कायम भरलेला राहील, त्याला कुणी हात लावायचा नाही, तो शकूचा. त्या दिवसापासून मला जरा झोप येऊ लागली. उठून डबा हलवून बघायची, ती गोष्ट वेगळी.

*

पुढे नवे टायर मिळेनात, तेव्हा आहेत ते जपायला दोन्ही गाड्या विटांवर चढल्या; शकूची वेळ आली तर आमची खाली उतरवायची. वाटलं, आता तरी बैठक मोडेल. कशाची मोडते! तिघं आमच्या वाड्यापुढं विटांवरच्या मोटारीत जाऊन बसू लागले. हे चाक फिरवायचे, बापूसाहेब भोंगा वाजवायचे, दिगंबरराव मागं बसून गावं सांगायचे. हैदराबादचा बेत होता.

मी चहा घेऊन गेले तर दिगंबरराव म्हणाले, "वहिनी, जरा थांबा. नांदेड येऊ द्या."

चहा निवला. नांदेड काही आलं नाही.

*

आणि मग दसरा. विळे, पाभर, तराजू पुजायचे, तशी मोटारही पुजायची. झेंडूची माळ, कुंकू, नारळ, सगळं झालं. बापूसाहेब म्हणाले, सणाला इंजिन मुकं ठेवणं बरं नव्हे. यांनी हँडल मारलं. इंजिन धडधडलं. मग गियर टाकला, आणि मागची चाकं विटांच्या वर, हवेत, गरगर फिरू लागली. अंगणभर धूर झाला. तिघांचे चेहरे असे, की जणू पोरगा झालाय.

"या वेगानं," दिगंबरराव म्हणाले, "एव्हाना जिंतूर गाठलं असतं."

इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं.

माझ्या हातात आरतीचं ताट. मी विचारलं, "पेट्रोल कुठलं घातलं?"

हे माझ्याकडं बघेनात. मोटारीकडं बघत म्हणाले, "पूजेपुरतंच घेणार होतो."

तेवढ्यात सासूबाई आतून शकूला घेऊन आल्या. धूर तिच्या छातीत गेला होता. ओठ निळे, बरगड्या आत ओढलेल्या, डोळे माझ्याकडं. जिंतूरला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळीच निघून गेली होती. बापूसाहेबांच्या गाडीत तर कित्येक महिने थेंब नव्हता. तिघं जाणकार मोटारीभोवती उभे, आणि मारोती तिकडे छकडा जुंपत होता. त्यानं कडबा पसरला, वर गोधडी टाकली. म्हणाला, "बसा बाईसाहेब. बैल दमाचे हाईत."

मी पोरीला छातीशी उभी धरून बसले. हे धावत आले, दसऱ्याचे नवे पंपशू घातलेले, आणि एक पाय वर टाकणार तोच मी हात आडवा केला.

"जोडे काढा," मी म्हणाले. "चरे पडतील."

मारोती समोर बैलांच्या शिंगांकडं बघत होता. यांनी जोडे काढले. जिंतूर येईपर्यंत हातात धरून बसले होते.